टीम प्लेऑफच्या दारात, कोच दुसऱ्या गावात: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या पैशाचं गणित

३० नोव्हेंबर २०२५, रविवार. मिसिसिपी राज्यातल्या ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या गावात एअरपोर्टपाशी गर्दी जमली होती, आणि ती निरोप द्यायला आलेली गर्दी नव्हती, लोक चक्क शिव्या घालत होते. विमानात बसून जाणारा माणूस म्हणजे लेन किफिन, ओल मिसचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ मिसिसिपीच्या फुटबॉल टीमचा हेड कोच. दोनच दिवस आधी त्याच्या टीमनं शेजारच्या मिसिसिपी स्टेटला हरवून बारापैकी अकरा मॅच जिंकल्या होत्या, नॅशनल चॅम्पियनशिपच्या प्लेऑफमध्ये कॉलेज पहिल्यांदाच जाणार हे जवळपास नक्की झालं होतं, आणि नेमक्या त्याच वेळी हा माणूस लुइझियानातल्या एलएसयूकडे, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीकडे निघाला, म्हणजे दरवर्षी समोर येणाऱ्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे. सात वर्षांचा करार, साधारण ९१ मिलियन डॉलर. एक मिलियन म्हणजे दहा लाख, तर आपल्या हिशोबात ही रक्कम आठशे कोटी रुपयांच्या आसपास जाते.

ही बातमी आल्यापासून भारतातले मित्र, मावसभाऊ, सगळे एकच विचारतायत की अरे कॉलेजच्या कोचला एवढे पैसे? कॉलेजच्या? प्रत्येकाला फोनवर समजावून थकलो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

कोल्हापूरकरांसाठी आधी सांगतो, हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नाही. हा हेल्मेट घालून, लांबुळका बॉल हातात घेऊन, अंगावर धडकत खेळायचा अमेरिकन फुटबॉल. आणि कॉलेज म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर इंटर-कॉलेजिएट स्पर्धा येते, मैदानाच्या कडेला चार मित्र आणि एक पीटीचे सर, तर ते चित्र पहिलं पुसून टाका. आपल्या वानखेडेत साधारण ३३ हजार माणसं बसतात. मिशिगन युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल स्टेडियमची क्षमता आहे १,०७,६०१. एलएसयूच्या स्टेडियममध्येही एक लाखाच्या वर लोक बसतात. मिसिसिपी, अलाबामा यांसारख्या राज्यांत एनएफएल या प्रोफेशनल लीगची टीमच नाही, त्यामुळे तिथल्या माणसाची टीम म्हणजे कॉलेजची टीम, मग तो स्वतः त्या कॉलेजात शिकलेला असो की नसो. आजोबांपासून नातवापर्यंत सगळे त्याच रंगाचे टीशर्ट घालतात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर कोण, तर गव्हर्नर नाही, सर्जन नाही, सरकारी युनिव्हर्सिटीचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉलचा कोच.

आता पैसा येतो कुठून. तिकिटं, डोनेशन, टीशर्ट हे सगळं आहेच पण खरा पूर आला टीव्हीतून. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलच्या टीव्ही प्रक्षेपणावर एनसीएए या राष्ट्रीय संस्थेचा पूर्ण ताबा होता, कुठली टीम किती वेळा टीव्हीवर दिसेल हे तीच ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या दोन युनिव्हर्सिट्या कोर्टात गेल्या, सुप्रीम कोर्टानं ७ विरुद्ध २ असा निकाल दिला की ही मक्तेदारी आहे, चालणार नाही. त्या दिवसापासून कॉलेजं आणि त्यांच्या कॉन्फरन्स, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांचे गट, आपापले हक्क विकायला मोकळे झाले. आज बिग टेन या एका कॉन्फरन्सचा २०२२ मध्ये झालेला करार सात वर्षांसाठी सात बिलियन डॉलरच्या वर आहे, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. तुलनेसाठी सांगतो, आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले, ते तेव्हाच्या भावानं सहा बिलियनच्या थोडे वर होतात. म्हणजे अख्खी आयपीएल एका बाजूला आणि कॉलेजांचा एक गट दुसऱ्या बाजूला, आणि तो गट एकटा नाहीये, ओल मिस आणि एलएसयू दोन्ही ज्यात आहेत ती एसईसी कॉन्फरन्स तितकीच तगडी आहे. वरून १२ टीमच्या प्लेऑफचे हक्क वेगळे, त्यासाठी ईएसपीएन वर्षाला सरासरी १.३ बिलियन मोजतं.

मला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा पुढचा वाटतो आणि नेमका तोच लोक विसरतात. एवढा पैसा आला, पण ज्यांचा खेळ बघायला लोक येतात त्या मुलांना तो द्यायला बंदी होती. खेळाडू हौशी, म्हणजे अमॅच्युअर, त्याला स्कॉलरशिप, जेवण, राहायची सोय, बास. कॉलेजं ना-नफा संस्था, त्यामुळे शेअरहोल्डरला डिव्हिडंड द्यायचा प्रश्न नाही. मग आलेला पैसा मुरणार कुठे? जिथे खर्च करायला परवानगी आहे तिथेच. चकाचक लॉकर रूम, मोठमोठी ट्रेनिंग सेंटर, आणि कोच. चांगला खेळाडू पगार देऊन आणता येत नव्हता, पण चांगले खेळाडू गोळा करणारा माणूस पगार देऊन आणता येत होता, म्हणून बोली त्या माणसावर लागायला लागली. टेक्सास ए अँड एमनं १९८२ मध्ये जॅकी शेरिल या कोचला वर्षाला २,८७,००० डॉलर द्यायचं कबूल केलं तेव्हा देशभर गदारोळ झाला होता. किफिनचा आजचा वर्षाचा आकडा साधारण १३ मिलियन आहे, म्हणजे त्याच्या पंचेचाळीस पट, आणि अमेरिकेतली महागाई तेवढ्या काळात तिप्पट-साडेतीनपटच झालीये.

लोक विचारतात मग पगारावर मर्यादा का घालत नाहीत. घालून बघितली होती! नव्वदच्या दशकात एनसीएएनं काही असिस्टंट कोचेसचा पगार वर्षाला १६,००० डॉलरवर बांधून टाकला. ते कोर्टात गेले, १९९८ मध्ये अपील कोर्टानंही सांगितलं की सगळ्या कॉलेजांनी मिळून नोकरांचा पगार दाबणं हा स्पर्धाविरोधी कायद्याचा भंग आहे, आणि शेवटी एनसीएएला ५४.५ मिलियन डॉलर भरपाई मोजावी लागली. तेव्हापासून कोचच्या पगाराला हात लावायची कुणाची हिंमत झालेली नाही.

आता बायआउट. आयटीवाल्यांना हा शब्द नीट माहीत आहे, नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असतो आणि नवी कंपनी घाई करत असेल तर ती पैसे भरून तुम्हाला आधी सोडवून घेते. कोचच्या करारात असे दोन बायआउट असतात, दोन उलट्या दिशांचे. कोच मध्येच सोडून गेला तर जुन्या कॉलेजला ठरलेली रक्कम मिळते, आणि ती बहुतेक वेळा नवं कॉलेजच भरतं, कोचच्या खिशाला झळ लागत नाही. आणि कॉलेजनं त्याला मध्येच काढलं तर कराराच्या उरलेल्या वर्षांचा पगार, पूर्ण नाहीतर बराचसा, कॉलेज त्याला देत बसतं. म्हणजे दहा वर्षांचा करार कॉलेजला दहा वर्षं बांधतो, कोचला मात्र पुढचं बोलावणं येईपर्यंतच. माझा सगळा राग इथे आहे.

उदाहरणं बघा. टेक्सास ए अँड एमनं २०१७ च्या डिसेंबरमध्ये जिंबो फिशरला फ्लोरिडा स्टेटहून आणलं, दहा वर्षं, ७५ मिलियन, सगळे गॅरंटीड. २०२१ मध्ये, तो दुसरीकडे जाईल या धास्तीनं, करार वाढवून २०३१ पर्यंत नेला. आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये काढलं. काढायची किंमत सुमारे ७६ मिलियन डॉलर. त्याच्या करारात अशी अटही नव्हती की दुसरी नोकरी लागली तर तिथला पगार यातून वजा होईल, त्यामुळे २०३१ पर्यंत त्याला वर्षाला सात मिलियनच्या वर मिळत राहणार, दुसरीकडे कोचिंग केलं तरी आणि घरी बसला तरी.

ही वजावटीची अट असली तर काय फरक पडतो ते पेन स्टेटच्या केसमध्ये दिसतं. तिथे जेम्स फ्रँकलिनला ऑक्टोबर २०२५ मध्ये लागोपाठ तीन मॅच हरल्यावर काढलं, देणं होतं जवळजवळ ४९ मिलियन. पण करारात दुसरी नोकरी शोधायची अट होती, महिनाभरात त्याला व्हर्जिनिया टेकनं घेतलं, आणि वाटाघाटी होऊन पेन स्टेटचं देणं ९ मिलियनवर आलं. एका कलमानं चाळीस मिलियन वाचले. हे वाचल्यावर मला खरंच कळत नाही की बाकीच्या कॉलेजांचे वकील करार करताना काय करतात, पण उत्तर बहुधा सोपं आहे, घाई असते, समोर हुशार एजंट असतो आणि त्याच्याकडे दुसऱ्या कॉलेजचा फोन चालू असतो. जिमी सेक्स्टन हा एजंट घ्या, निक सेबन, जिंबो फिशर, किफिन, सगळे त्याचेच. एकच माणूस इतक्या कोचेसचं बघत असेल तर बाजारात कुठे जागा रिकामी होतेय, कोण घाबरलंय, कोण किती देईल, हे त्याला कॉलेजांपेक्षा जास्त माहीत असणारच.

आणि जागा रिकामी झाली की जो कुठेच जात नाही त्याचाही पगार वाढतो. पेन स्टेटची खुर्ची रिकामी झाल्यावर चारच दिवसांत इंडियाना युनिव्हर्सिटीनं आपल्या कर्ट सिग्नेटीशी आठ वर्षांचा, सुमारे ९३ मिलियनचा नवा करार केला. सिग्नेटीच्या बाबतीत म्हणता येईल की पैसे वसूल झाले, टीम सगळ्या मॅच जिंकून जानेवारी २०२६ मध्ये चॅम्पियन झाली. पण प्रत्येकाचं तसं होत नाही आणि करार होताना ते कुणालाच माहीत नसतं.

एलएसयूचा हिशोब तर एकाखाली एक मांडून बघा. एड ऑर्जेरॉननं त्यांना २०१९ च्या सीझनची चॅम्पियनशिप जिंकून दिली, दोन वर्षांत मन भरलं, जवळपास १७ मिलियन देऊन त्याला मोकळं केलं. मग नोटर डेमहून ब्रायन केलीला आणलं, दहा वर्षं, ९५ मिलियनच्या आसपास. तेव्हा नोटर डेमनंसुद्धा बारापैकी अकरा मॅच जिंकल्या होत्या आणि प्लेऑफची आशा जिवंत होती, म्हणजे किफिननं २०२५ मध्ये केलं तेच केलीनं २०२१ मध्ये केलं होतं, गंतव्यही तेच. चार वर्षांनी, २६ ऑक्टोबर २०२५ ला, टेक्सास ए अँड एमकडून घरच्या मैदानावर दणकून हरल्याच्या दुसऱ्या दिवशी केलीला काढलं. देणं ५४ मिलियन. लुइझियानाचे गव्हर्नर जेफ लँड्री उघडपणे चिडले, कारण केलीला आणणारा अॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे कॉलेजच्या सगळ्या खेळांचा प्रमुख, स्कॉट वुडवर्ड आधी टेक्सास ए अँड एमला होता आणि जिंबो फिशरला तिथे त्यानंच आणलं होतं. वुडवर्डही गेला. कॉलेजनं कमी पैशात मिटवायचा प्रयत्न केला, केली कोर्टात गेला, आणि नोव्हेंबरच्या शेवटी कॉलेजला पूर्ण देणं मान्य करावं लागलं. त्यानंतर आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात किफिनचे ९१ मिलियन. गरीब राज्य आहे हो लुइझियाना. बायआउटच्या वेळी डोनर पैसे देतात, फीचे किंवा करदात्यांचे नाहीत, असं प्रत्येक कॉलेज सांगतं आणि ते बऱ्याच अंशी खरंही असेल, पण डोनरचा खिसा एकच असतो, तिथून फुटबॉलच्या कोचला घरी बसवायला गेलेला पैसा लॅबला आणि लायब्ररीला परत जात नाही.

मग कोच असे नोव्हेंबरच्या शेवटीच का पळतात, सीझन संपेपर्यंत दम का निघत नाही? याचं कारण कॅलेंडर. बारावीची मुलं कुठल्या कॉलेजकडून खेळणार याच्या सह्या डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी सुरू होतात, २०२५ मध्ये ती तारीख होती ३ डिसेंबर. त्यानंतर २ जानेवारीपासून दोन आठवडे ट्रान्सफर पोर्टल उघडं, म्हणजे आधीच कॉलेजात असलेले खेळाडू दुसरीकडे जाऊ शकतात. आणि प्लेऑफ चालतं २० डिसेंबरच्या आसपासपासून १९ जानेवारीपर्यंत. आता तुम्ही एलएसयू आहात, कोच नाही, ३ डिसेंबरला मुलं सह्या करणार, तर तुम्ही २९-३० नोव्हेंबरला कोचला सांगणार की आज उत्तर दे नाहीतर आम्ही दुसरा बघतो. सीझनचा सगळ्यात मोठा महिना आणि भरतीचा सगळ्यात मोठा महिना एकावर एक रचून ठेवलेत. एनएफएलमध्ये हे होत नाही कारण तिथे सीझन चालू असताना दुसऱ्या टीमच्या कोचला उचलता येत नाही, तसे नियमच आहेत. कॉलेजात सगळ्यांना बांधून ठेवेल असा मालकच नाही.

आणि एक कोच हलला की किती ठिकाणी हादरे बसतात ते २०२४ च्या जानेवारीत दिसलं. १० जानेवारीला अलाबामाचा निक सेबन रिटायर झाला. दोन दिवसांत अलाबामानं वॉशिंग्टनच्या केलन डीबोअरला घेतलं, जो त्याच आठवड्यात नॅशनल फायनल खेळून आला होता, त्याच्या सुटकेचे १२ मिलियन भरले. वॉशिंग्टननं अॅरिझोनाचा जेड फिश उचलला, अॅरिझोनानं सॅन होजे स्टेटचा ब्रेंट ब्रेनन, सॅन होजेनं केन निउमाटालोलो. दोन आठवड्यांच्या आत चार कॉलेजांत नवा हेड कोच आला, आणि प्रत्येक ठिकाणी शंभरेक मुलांनी सकाळी उठून फोनवर वाचलं की ज्याच्या शब्दावर आपण इथे आलो तो गेला.

त्या मुलांबद्दल मला का वाटतं ते सांगतो. मी तिकडे एमएस करताना स्टॅटिस्टिक्सच्या एका सेक्शनचा टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट होतो, त्यात टीममधला एक मुलगा होता, शांत, मागच्या बाकावर बसणारा, लाइनमन, म्हणजे समोरच्याला अंगानं अडवणारा धिप्पाड खेळाडू, असल्यामुळे त्या खुर्चीत मावायचा नाही. डिसेंबरमध्ये फायनल एक्झामच्या आठवड्यात त्याचा ईमेल आला की पेपर एक दिवस पुढे देता येईल का, अचानक टीम मीटिंग लागलीये. कोच गेला होता. नंतर ऑफिस अवर्सला आला तेव्हा गणितापेक्षा त्याचंच बोलणं जास्त झालं, म्हणाला की कोच आमच्या घरी येऊन जेवला होता, आईला शब्द दिला होता की चार वर्षं मी बघतो याच्याकडे. तेव्हाचा नियम असा की खेळाडूनं कॉलेज बदललं तर एक वर्ष मैदानाबाहेर बसायचं. कोचला मात्र दुसऱ्या दिवशी नव्या कॉलेजचा टीशर्ट घालून पत्रकार परिषद घ्यायला काहीच अडचण नव्हती. तो मुलगा राहिला, नव्या कोचला त्याच्या उंचीची माणसं नको होती, पुढच्या वर्षी तो फारसा खेळला नाही. पेपरात चांगले मार्क पडले होते त्याला.

तो नियम २०२१ मध्ये बदलला, आता खेळाडूही वर्ष न गमावता जाऊ शकतो. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं ऑल्स्टन केसमध्ये ९-० असा एनसीएएविरुद्ध निकाल दिला, आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव, चेहरा वापरून जाहिरातींचे वगैरे पैसे घ्यायची मुभा मिळाली, त्याला सगळे एनआयएल म्हणतात. जून २०२५ मध्ये हाउस नावाच्या केसची तडजोड मंजूर झाली, जुन्या खेळाडूंना मिळून २.८ बिलियन भरपाई, आणि पुढे कॉलेज स्वतः खेळाडूंना थेट पैसे देऊ शकणार, पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा २०.५ मिलियन. नीट बघा, ही मर्यादा कॉलेजच्या सगळ्या खेळांतल्या सगळ्या खेळाडूंसाठी मिळून आहे, फुटबॉल, बास्केटबॉल, पोहणं, जिम्नॅस्टिक्स, मुलं-मुली सगळे. शेकडो मुलांना मिळून साडेवीस, आणि एकट्या हेड कोचला तेरा. मुलांच्या आकड्याला छत आहे, कोचच्या आकड्याला नाही.

लोक म्हणतात खेळाडूंना पैसे मिळायला लागले आणि खेळातला जीव गेला, निष्ठा राहिली नाही. मला हे अजिबात पटत नाही. निष्ठा नव्हती तेव्हाही नव्हती, फक्त सोडून जायचा हक्क एकाच बाजूला होता. किफिननंच जानेवारी २०१० मध्ये टेनेसीला एका सीझननंतर सोडलं होतं, नॉक्सव्हिलमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरून जाळपोळ करत होते, तेव्हा कुठे होतं एनआयएल. आणि खरं सांगायचं तर मी किफिनलाही एकट्याला दोषी धरत नाही, पन्नाशीतल्या माणसाला कुणी जवळच्या राज्यात आठशे कोटी देत असेल आणि उत्तर आजच्या आज मागत असेल तर बहुतेक जण तेच करतील. सह्यांची तारीख फेब्रुवारीत नेली, सीझन संपेपर्यंत दुसऱ्याच्या कोचशी बोलायला बंदी घातली, आणि वजावटीचं कलम प्रत्येक करारात टाकलं, तर निम्मा तमाशा थांबेल, आणि यातलं शेवटचं तर कुठल्याही कॉलेजला उद्यापासून करता येतं, कुणाची परवानगी लागत नाही.

ओल मिसचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. किफिनला प्लेऑफ संपेपर्यंत कोच राहायचं होतं, कॉलेजनं नाही म्हटलं, आणि त्यांचं बरोबरच होतं, रोज सकाळी तुमच्या खेळाडूंशी बोलणारा माणूस संध्याकाळी प्रतिस्पर्ध्यासाठी भरती करणार असेल तर त्याला आत कोण ठेवेल. डिफेन्स सांभाळणारा पीट गोल्डिंग हेड कोच झाला. पहिली मॅच २० डिसेंबरला ऑक्सफर्डमध्येच, समोर टुलेन. टुलेनचा कोच जॉन समरॉलसुद्धा फ्लोरिडाला जायचं ठरवून बसला होता, पण टुलेननं त्याला थांबू दिलं, फ्लोरिडानं त्याला अडवलं नाही, दोन्ही कॉलेजं वेगवेगळ्या कॉन्फरन्सची असल्यामुळे भांडण नव्हतं, आणि तो शेवटच्या मॅचपर्यंत आपल्या मुलांबरोबर साइडलाइनवर उभा राहिला. ओल मिसनं ती मॅच ४१-१० जिंकली. मग जॉर्जियाला हरवलं, थेट सेमीफायनलपर्यंत गेले, आणि तिथे मायामीकडून चार पॉइंटनी हरले. टीम प्लेऑफमध्ये जसजशी पुढे गेली तसतसे ओल मिसच्या करारातले प्लेऑफचे बोनस किफिनच्या नावावर जमा होत गेले, ते एलएसयूनं द्यायचे असं करारातच ठरलं होतं.